बर्फाला ८० कॅलरी लागतात, प्रयोगात ७० का येतात? आणि तापवल्याने रेडियमचा ऱ्हास लवकर का होत नाही?

प्रश्न दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांचा आहे. वर्गात बर्फाच्या विलयनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे एक ग्रॅम बर्फ तापमान न बदलता वितळवायला लागणारी उष्णता, काढला. तांब्याचा कॅलरीमापी (उष्णता मोजण्याचे भांडे) १०० ग्रॅम, त्यात ३०°से. तापमानाचे पाणी २०० ग्रॅम, वरून ४० ग्रॅम बर्फ. बर्फ विरघळल्यावर तापमान १४°से. उत्तर ७० च्या आसपास आले, पुस्तकात ८० कॅलरी प्रति ग्रॅम आहे. त्याच तासाला एका मुलीने विचारले, की उष्णता दिली की स्थायूचा द्रव होतो, द्रवाचा वायू होतो, मग रेडियम तापवला तर त्याचा ऱ्हास, म्हणजे त्याच्या किरणोत्सारी अणुकेंद्रकांचे आपोआप फुटणे, लवकर का होत नाही? दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: दिलेली उष्णता पदार्थात नेमकी कुठे जाते. म्हणून उत्तर एकत्रच देतो.

आधी तुमचे आकडे. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.०९२ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश, म्हणजे तुमचे भांडे ९.२ ग्रॅम पाण्याइतकेच. पाणी आणि भांडे मिळून (२०० + ९.२) × १६ = ३३४७ कॅलरी गमावतात. बर्फाचे झालेले ४० ग्रॅम पाणी ० वरून १४ अंशांवर यायला ५६० कॅलरी घेते. उरल्या २७८७, भागिले ४०, उत्तर ६९.७. गणित बरोबर आहे, भांडेही धरलेले आहे. (भांडे धरायचे विसरला असता तर ६६ आले असते. ती चूक वह्यांमध्ये नेहमी सापडते.) तेव्हा गडबड मोजमापात आहे.

पहिला संशयित ओला बर्फ. तुम्ही ४० ग्रॅम बर्फ टाकला असे धरता, पण त्यातले ५ ग्रॅम आधीच पाणी झालेले असेल तर वितळायला ३५ ग्रॅमच उरतो. त्याला लागतात २८०० कॅलरी. हा हिशेब उलटा करून पाहा: शेवटचे तापमान बरोबर १४ अंशांजवळ येते. म्हणजे ४० ग्रॅमवर ५ ग्रॅम पाणी एवढे एकच कारण तुमची सगळी तूट भरून काढते. फोडलेल्या बर्फाच्या चुऱ्यावर एवढे पाणी सहज असते, कारण चुऱ्याचा पृष्ठभाग मोठा आणि हाताची ऊब जवळ.

दुसरा संशयित दव. महाराष्ट्रात पावसाळ्यात हा प्रयोग करणाऱ्यांनी त्याच्याकडे फार गांभीर्याने पाहायला हवे. जुलैत मुंबई-कोकणात दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होऊ लागते) २४-२५°से. च्या आसपास असतो. तुमचे भांडे १४ अंशांपर्यंत गेले म्हणजे बाहेरून घामेजणारच. त्या तापमानाला एक ग्रॅम बाष्प सांद्रित होताना सुमारे ५८५ कॅलरी भांड्याला देते. अर्धा ग्रॅम दव, म्हणजे नुसता ओलसर झालेला बाहेरचा भाग, २९० कॅलरी देऊन जातो आणि तुमचे उत्तर ७ ने खाली ओढतो. शिवाय बर्फाचे वस्तुमान आपण शेवटी भांडे पुन्हा तोलून काढतो. तेव्हा ते दवही बर्फ म्हणून मोजले जाते. ओळखण्याची खूण सोपी आहे: शेवटी भांडे तसेच तोला, मग बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तोला. वजनातला फरक म्हणजे दव.

तिसरे कारण तापमापी. १ अंशाच्या खुणा असलेल्या तापमापीवर अर्ध्या अंशाची चूक कोणाचीही होते. १४ ऐवजी १३.५ वाचले असते तर उत्तर ७२.८ आले असते, म्हणजे अर्ध्या अंशाला ३ कॅलरी. बर्फ पूर्ण संपल्यावर येणारे सर्वांत खालचे तापमान घ्यायचे. ‘स्थिर होऊ दे’ म्हणत थांबलात तर खोलीची उष्णता आत येते.

आता उलट्या बाजूची चूक. फ्रीजरमधून काढून थेट टाकलेला बर्फ −१५°से. असेल, तर तो शून्यावर यायलाच प्रति ग्रॅम ७.५ कॅलरी घेतो, कारण बर्फाची विशिष्ट उष्माधारकता ०.५ आहे. त्यामुळे उत्तर ८७ च्या पुढे जाते. एखाद्या गटाचा बर्फ थोडा गार आणि थोडा ओला असेल तर दोन्ही चुका एकमेकींना खातात आणि वहीत नेमके ८० येतात. त्या गटाला पूर्ण गुण देण्याआधी बर्फ कसा घेतला ते विचारा. माझ्या मते या प्रयोगात आकड्यापेक्षा त्या उत्तराला गुण असावेत.

बर्फ असा घ्या. फ्रीजरमधले खडे काढून पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवा. सुरुवातीला वर पांढुरका थर दिसतो, तोवर बर्फ शून्याखाली आहे. तो जाऊन पृष्ठभाग पारदर्शक आणि ओलसर झाला की बर्फ शून्यावर आला. हरभऱ्याएवढे तुकडे करा, टिपकागदात किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून दाबा, चिमट्याने एकेक उचलून थेट पाण्यात सोडा. हाताने नाही. पाणी उडू देऊ नका आणि ढवळत राहा.

खोलीशी होणारी उष्णतेची देवाणघेवाण जवळजवळ मिटवता येते. पाणी खोलीपेक्षा जितके गरम घ्याल, शेवटी तितकेच खोलीपेक्षा थंड व्हायला हवे. खोली २७ अंशांची असेल तर पाणी ३४ वर घ्या आणि ३० ग्रॅम बर्फ टाका. तुमच्याच भांड्यात तापमान २० च्या किंचित खाली येईल. पावसाळ्यात मात्र २० पर्यंत जाऊ नका. खोली ३० असताना ३५ वर सुरुवात करा, बर्फ फक्त २० ग्रॅम. शेवट २५ वर होईल आणि दव बहुधा टळेल. याची किंमत अशी की तापमानातला फरक १० अंशांचाच राहतो आणि अर्ध्या अंशाची वाचनचूक उत्तर जवळपास ६ ने हलवते. म्हणून त्या दिवसांत ०.२ किंवा ०.१ अंशाच्या खुणांचा तापमापी लागतोच. तो नसेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत करणे बरे.

याच धड्यातल्या तापमान-काल आलेखाबद्दल एक सांगायलाच हवे. फळ्यावर वितळण्याची आणि उकळण्याची आडवी रेघ सारख्याच लांबीची काढली जाते आणि मुलांच्या डोक्यात तसेच चित्र बसते. १०० ग्रॅम बर्फ −१० अंशांवरून घ्या आणि सेकंदाला १०० कॅलरी, म्हणजे साधारण ४२० वॅट, द्या. शून्यावर यायला ५ सेकंद, वितळायला ८०, शून्यावरून शंभरावर जायला १००, आणि सगळ्याची वाफ व्हायला ५४० सेकंद. आलेख या मापात एकदा काढून दाखवा. वाफेने पाण्यापेक्षा इतके जास्त का भाजते हे वेगळे समजावावे लागत नाही.

पुण्यातली मुले उकळत्या पाण्याचे तापमान ९८ वाचतात आणि वहीत १०० लिहितात. ९८ हेच बरोबर आहे. दर ३०० मीटर उंचीला उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर, म्हणून तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. खरे वाचन खोडून पुस्तकी आकडा लिहायची सवय इथेच लागते.

वितळताना दिलेल्या ८० कॅलरी जातात कुठे? बहुतेक ठिकाणी लिहिलेले असते, ‘रेणूंमधील अंतर वाढवण्यासाठी’. मेणाच्या बाबतीत हे ठीक आहे. बर्फाच्या बाबतीत चूक आहे. बर्फ वितळताना आकसतो: एक ग्रॅम बर्फाचे आकारमान १.०९ घन सेंटिमीटर, त्याच्या पाण्याचे १.००. रेणू सरासरीने जवळ येतात. उष्णता खर्च होते ती रेणूंना जागच्या जागी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल करण्यात आणि तोडण्यात. बर्फातली पोकळ जाळी ढासळते, म्हणून रेणू दाटीवाटीने बसतात. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप आहे. ही उष्णता गतीत न जाता बंधांच्या स्थितिज ऊर्जेत गेली, म्हणून पारा हलत नाही. वितळत्या बर्फात तापमापी २-३ अंश दाखवत असेल तर सिद्धांत चुकलेला नाही. तुकडे मोठे आहेत, फुगा बर्फाऐवजी कोमट पाण्यात आहे, किंवा ज्योत मोठी आहे. बारीक चुरा, मंद आंच आणि सतत ढवळणे, एवढे केले की पारा शून्यावर टिकतो.

बर्फाच्या याच आकसण्यावर रॉबर्ट बुन्सेनने १८७० मध्ये उष्णता मोजण्याचे उपकरण बांधले. बंद भांड्यात बर्फ आणि पाणी, त्याला जोडलेल्या केशनळीत पारा. आत कोणतीही उष्णता आली की थोडा बर्फ वितळतो, आकारमान घटते आणि पाऱ्याची रेघ मागे सरकते. ८० कॅलरीला एक ग्रॅम बर्फ, म्हणजे ०.०९ घन सेंटिमीटर. सगळे शून्यावरच चालते, तापमापी लागतच नाही.

आणि इथून तो मुलीचा प्रश्न सुरू होतो. १९०३ मध्ये पिएर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियमच्या क्षारातून आपोआप निघणारी उष्णता मोजली, आणि त्यांच्या पद्धतींपैकी एक हे बुन्सेनचे बर्फाचे उपकरण होते. एक ग्रॅम रेडियममागे ताशी सुमारे १०० कॅलरी निघतात असे त्यांना आढळले. म्हणजे रेडियम तासाभरात आपल्या वजनापेक्षा जास्त बर्फ वितळवतो, पुढच्या तासालाही तेवढाच, वर्षानंतरही जवळपास तेवढाच. केशनळीचा छेद एक चौरस मिलिमीटर असता तर एका ग्रॅममुळे पारा ताशी ११ सेंटिमीटर सरकला असता. अप्रकट उष्म्याच्या धड्यातली ८० ही संख्या अणुकेंद्रकातली ऊर्जा मोजायला अशी कामी आली. दोन धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवले जातात म्हणून हा दुवा मुलांना कधी दिसत नाही.

हा आकडा वर्गात पडताळता येतो. एका ग्रॅम रेडियम-२२६ मध्ये सेकंदाला सुमारे ३६६० कोटी केंद्रकांचा ऱ्हास होतो आणि प्रत्येक ऱ्हासात ४८.७ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा बाहेर पडते. (इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे एक व्होल्टच्या घटातून जाताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा.) गुणाकार करून कॅलरीत आणला तर ताशी २५ येतात, १०० नाही. उरलेली उष्णता रेडियमच्या वंशजांची: रेडॉन आणि त्याच्यापुढची अल्पायुषी मूलद्रव्ये. नमुना बंद नळीत असेल तर रेडॉन वायू आतच अडकतो, त्याचाही ऱ्हास तिथेच होतो आणि उष्णता कित्येक पट होते. नमुना उघडा ठेवला तर रेडॉन निघून जातो आणि उष्णता घटते. हुशार विद्यार्थ्यांना हे गणित जरूर द्यावे.

आता प्रमाण पाहा. बर्फातला एक रेणू सोडवायला ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. उकळत्या पाण्यातून एक रेणू बाहेर काढायला सुमारे ०.४. त्याच रेणूचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वायू करायला ३. आणि रेडियमच्या केंद्रकातून अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा गठ्ठा) निघताना ४८ लाखांवर. बुन्सेन बर्नरच्या ज्योतीत अणूंच्या धडकांमध्ये येते ती ऊर्जा ०.१ ते ०.२ च्या घरातली. एवढ्याशा धक्क्याने बंध ढिले होतात, कारण बंधांची ऊर्जाही त्याच घरातली आहे. केंद्रकाभोवतीचा अडथळा लाखो-कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. अल्फा कण तो चढून जात नाही, पुंजयामिकीच्या (अणूहून सूक्ष्म कणांच्या शास्त्राच्या) नियमाने आरपार निसटतो, आणि निसटण्याची शक्यता बाहेरच्या ०.१ ने बदलत नाही. रेडियम स्थायू असो, क्लोराइडचे द्रावण असो की द्रवरूप हवेत बुडवलेला असो, त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या केंद्रकांचा ऱ्हास व्हायला लागणारा काळ, १६०० वर्षेच.

याला एक छोटा अपवाद आहे आणि तो नियम अधिक स्पष्ट करतो. बेरिलियम-७ चे केंद्रक स्वतःच्याच कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळते. तिथे इलेक्ट्रॉनची दाटी महत्त्वाची असल्याने कोणत्या संयुगात आहे त्यावर अर्धायुष्य थोडे बदलते. पण फरक एखाद्या टक्क्याचा किंवा त्याहून कमी.

अर्धायुष्यातल्या चुका ठरलेल्या आहेत. ‘आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य ८ दिवस, म्हणून १६ दिवसांत संपते.’ संपत नाही, पाव उरते, २४ दिवसांनी अष्टमांश, ८० दिवसांनी १०२४ वा भाग. दुसरी चूक वजनाची: १० ग्रॅम कोबाल्ट-६० चे ५.२७ वर्षांनी ५ ग्रॅम होते असे लिहितात आणि मुले समजतात तुकडा निम्मा झाला. कोबाल्ट ५ ग्रॅम उरतो, बाकीच्याचे निकेल झालेले असते. तराजूला फरक कळणार नाही. तिसरी अडचण पूर्णांकात न बसणाऱ्या काळाची. त्यासाठी व्हॉयेजर अंतराळयाने घ्या: १९७७ मध्ये निघाली, ऊर्जा प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेतून, अर्धायुष्य ८७.७ वर्षे. २०२५ पर्यंत ४८ वर्षे झाली. ०.५ चा घातांक ४८ भागिले ८७.७, म्हणजे ०.६८. उष्णता ६८ टक्के उरली. वीज त्याहून जास्त घटली आहे, कारण उष्णतेची वीज करणारी तापयुग्मेही झिजतात.

ऱ्हास यदृच्छ आहे हे दाखवायला नाणी घेतात. नाण्यांचे अर्धायुष्य नेमकी एक फेक असते, त्यामुळे शोधायला काही उरत नाही. त्यापेक्षा एका बाजूने फरशीवर घासून पांढरे केलेले १०० चिंचोके घ्या. डब्यात हलवून टाका, पांढरी बाजू वर आलेले बाजूला काढा, उरलेले मोजा, पुन्हा टाका. पांढरे पडण्याची शक्यता ४० टक्के असेल तर १०० चे ६०, ३६, २२, १३ असे काहीसे होतील आणि अर्धायुष्य सुमारे १.४ फेक निघेल. तुमच्या चिंचोक्यांचे वेगळे निघेल. ते आलेखावरूनच काढावे लागते, तिथेच खरे शिकणे आहे. एका गटाचा आलेख वेडावाकडा येतो. पाच गटांची बेरीज करून ५०० चा आलेख काढा, रेघ सुधारते. शेवटचे चार-पाच चिंचोके उरले की त्या टप्प्यातून निष्कर्ष काढू नका. आणि एखाद्या चिंचोक्याकडे बोट दाखवून ‘हा कधी जाईल’ असे मुलांना विचारा. सांगता येत नाही, तरी शंभरांतले किती जातील ते सांगता येते. केंद्रकांचे अगदी तसेच आहे.

शाळेत किरणोत्सारी नमुना आणायची गरज नाही. जुन्या घड्याळाची चमकणारी तबकडी खरवडू नका, धूरसूचक उघडू नका. गायगर गणक (किरणोत्सार मोजणारे यंत्र) उसना मिळाला तर प्रयोगशाळेच्या कपाटातले पोटॅशियम क्लोराइड पुरे. नैसर्गिक पोटॅशियमच्या एका ग्रॅममध्ये सेकंदाला सुमारे ३० केंद्रकांचा ऱ्हास होतो, म्हणजे ५० ग्रॅम क्षारात जवळपास ८००. गणकाला त्यातला लहानसा भागच दिसतो, म्हणून घाई चालत नाही. मोजणी जितकी, तिच्या वर्गमुळाइतकी अनिश्चितता धरा. समजा नुसती पार्श्वभूमी (क्षार नसतानाची मोजणी) मिनिटाला २० आणि क्षार जवळ ठेवल्यावर २६ आली. एका मिनिटात फरक ६ आणि अनिश्चितता ७, काहीच सिद्ध झाले नाही. दहा मिनिटे मोजा: २०० आणि २६०, फरक ६०, अनिश्चितता २१. आता बोलता येते.

मग तोच क्षार घट्ट झाकणाच्या डबीत एकदा फ्रीजरमध्ये गार करून आणि एकदा ६० अंशांच्या पाण्यात तापवून मोजा. गणकाची नळी खोलीच्या तापमानालाच राहू द्या, अंतर आणि जागा तीच ठेवा, गार डबीवरचे दव पुसून घ्या. दोन्ही आकडे अनिश्चिततेच्या आत सारखे येतील. अर्ध्या तासाच्या मोजणीत एकूण आकड्यातला चार-पाच टक्क्यांहून लहान फरक पकडता येणार नाही हे मुलांना आधीच सांगून ठेवा, आणि मोजायला प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीलाच बसवा.